दोन कुलपांचा राउटर

राजेश्री मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या, त्या थिजल्याच. लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचा एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा आणि एक हात हवेत, असं चित्र बराच वेळ राहिलं. अर्पिता समोर वाट बघत बसली होती. गेला महिनाभर हे रोजचंच झालं होतं. व्यंकटराव तिच्यासाठी चहा घेऊन आले होते, पण दाराच्या कडीला लाल झेंडी अडकवलेली होती. आत मीटिंग चालू आहे, कोणी जाऊ नये, असा तिचा अर्थ. झेंडी त्यांनीच लावली होती. आपणच लावलेली झेंडी आपणच ओलांडायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून ते उंबऱ्याबाहेर कप धरून उभे राहिले.

मॅडम एकदम हलल्या. मधलं बोलणं वाटेत कुठेतरी सांडलं आणि शेवटचं तेवढं ऐकू आलं. "...म्हणून सांगते अर्पिता, ऑफिसचं व्हीपीएन तुझ्या पूर्णेच्या घरात चालत नसेल, तर तुला इथे पुण्याला येऊन बसावं लागेल. सोमवारी मी स्वतः तुझ्याबरोबर काम करून बघणार आहे. सोमवारी अडकलं, तर घरून काम बंद."

व्यंकटराव आल्या पावली फिरले, ओट्यावर जाऊन बसले आणि सुनेचा चहा स्वतःच पिऊन टाकला. चहात साखर होती आणि त्यांना साखर वर्ज्य होती. हे ध्यानात आलं ते कप रिकामा झाल्यावर.

व्यंकटराव रेल्वेत गार्ड होते. सबंध नोकरी त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. इंजिनात निदान दोघं असतात. गार्डाच्या डब्यात गार्ड, त्याची लोखंडी पेटी, दोन झेंड्या आणि एक कंदील. बोलायला कोणी नाही. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या पोटात गोष्टींचा मोठा साठा होता, पण कडूबाईंनी पहिल्याच वर्षात तो ऐकून संपवला. नवराबायकोत भांडण नव्हतं, बोलायचं सगळं बोलून झालं होतं इतकंच. मुलगा योगीराज गंगाखेडच्या साखर कारखान्यात होता, आणि उसाचं गाळप सुरू झालं की तो सुटीपुरताच घरी दिसायचा. मग परभणीची अर्पिता सून म्हणून घरात आली. पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे कागद तपासायचं काम ती घरून करायची आणि दुपारच्या चहाला सासऱ्यांशेजारी ओट्यावर बसायची. सासऱ्यांना ती इकडच्या रीतीने मामा म्हणे. व्यंकटराव माळावर अडकलेल्या मालगाडीची गोष्ट सांगता सांगता दम घ्यायला थांबले, की ती विचारायची, "मामा, मग पुढं काय झालं?"

सगळ्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ही पोरगी पुण्याला गेली तर आपण पुन्हा शेवटच्या डब्यात जाऊन बसणार, हे त्यांना ओट्यावरूनच स्वच्छ दिसलं आणि त्यांना भीती वाटली. पण भीती वाटते असं सुनेला सांगायचं नसतं. म्हणून त्यांनी चौकशी बसवली.

"अर्पिता, हे व्हीपीएन म्हंजे नेमकं काय हाय?"

"मामा, नेटची लाईन सगळ्यांची असती ना? त्या लाईनीवरून ऑफिसचे कागद कुलूप लावून पाठवायचे. मधी कुणाला आत डोकावता येत न्हाई."

"सीलबंद वाघीण!" व्यंकटरावांचा आवाज चढला. मालगाडीच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणत. "अगं, तसल्या वाघिणी आमी किती नेल्या! सील तुटलं की गार्डाची गचांडी धरायचे. मग आता अडचण काय हाय?"

"साधं नेट चालायलंय. व्हीपीएन लावलं की लय मंद होतंय."

"मंग वजन झालं. इंजिन कमी पडायलं."

इंजिन म्हणजे राउटर, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. खिडकीत दोन अँटेना उभारून बसलेला तो जुना डबा त्यांना एकाएकी फार म्हातारा वाटू लागला. अर्पिता म्हणाली, "राउटरच असंल असं न्हाई मामा. लाईनीवर लोडबी असतोय."

"लोड कुणाचा? आपण घरात तिघं."

हे वाक्य ते बोलत असताना भिंतीपलीकडून केशरबाईंच्या टीव्हीवरची एक सासू आपल्या सुनेला घराबाहेर काढत होती. ती सासू याच राउटरवरून यायची. केशरबाईंना पासवर्ड कडूबाईंनी दिला होता, तोही हळदीकुंकवाच्या दिवशी. त्या गल्लीत पासवर्ड विरजणासारखा मागितला जाई आणि विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. केशरबाईंचा टीव्ही, त्यांच्या घरातले सगळे मोबाईल आणि त्यांच्या माडीवरचे भाडेकरू, अशी सगळी यात्रा या दोन अँटेनांवर चालली होती. पण व्यंकटरावांना शेजार हा लोड वाटत नव्हता. शेजार तो शेजार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बबलूला बोलावून घेतलं. गल्लीतल्या नेटच्या वायरी ओढायच्या, राउटर विकायचे आणि बिघडले की शिव्या खायच्या, ही तिन्ही कामं बबलूकडे होती.

"काका, दोन अँटेनाचा जमाना गेला," बबलू जुन्या राउटरकडे बघून म्हणाला. "सहा अँटेनाचा घ्या. व्हीपीएन तर असं पळंल की तुमी बघतच ऱ्हाताल."

"तू व्हीपीएन बघितलंस का कधी?"

"ती बघायची चीजच न्हाई काका. ती आतून असती."

हे उत्तर व्यंकटरावांना पटलं. नवा राउटर आला. काळाकुळकुळीत, सहा अँटेना वर केलेला, उलटा पडून पाय झाडणाऱ्या खेकड्यासारखा. कडूबाईंनी प्रत्येक अँटेनाला हळदीकुंकू लावलं आणि समोर नारळ फोडला. पाणी राउटरवर उडू नये म्हणून बबलू मध्ये आडवा झाला आणि त्यानं ते अंगावर घेतलं.

त्याच संध्याकाळी केशरबाई पदर खोचून दारात आल्या. "भाऊजी, आमचं नेट गेलं."

'आमचं' हा शब्द व्यंकटरावांना जरा लागला. नव्या राउटरचा पासवर्ड नवा होता, आणि सोमवारपर्यंत तो कुणाला द्यायचा नाही, अशी अर्पितानं हात जोडून विनंती केली होती. इकडे शेजारणीला नाही म्हणायची जीभ त्यांच्याकडे नव्हती. दोहोंच्या मधून त्यांनी वाट काढली. जुना राउटर पुसून, त्यालाही उरलेलं कुंकू लावून, केशरबाईंच्या हातात दिला आणि बबलूला सांगितलं, "यांना यांची सोताची लाईन टाकून दे." बबलूनं इतक्या आनंदानं लाईन टाकली, की नारळाचं पाणी त्याला बाधलं नाही असंच म्हणायचं.

आणि व्हीपीएन पळालं. राजेश्री मॅडम पडद्यावर अखंड हलू लागल्या. मध्येच शिंकल्या तर तीही शिंक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आली. शनिवारी दुपारी चहा घेताना अर्पिता मोकळेपणानं हसली. व्यंकटरावांनी माळावरच्या मालगाडीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तिनं तीही ऐकली.

इथे थांबले असते तर ही कथा झाली नसती. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि रेल्वेतून माणूस निवृत्त होतो, माणसातून रेल्वे होत नाही. रविवारी अर्पिता माहेरी परभणीला गेलेली. व्यंकटराव नव्या राउटरसमोर खुर्ची टाकून बसले आणि काळजी करू लागले. घराचं सगळं भवितव्य या वस्तूवर, आणि ती अशी उघड्यावर! कडूबाईंचा केरसुणीचा हात ज्या तऱ्हेनं फिरायचा, तो त्यांनी संसारभर पाहिला होता. वर भिंतीवर एक पाल होती. पाल पडली तर? रेल्वेत सिग्नलची यंत्रं ज्या खोलीत असतात, तिला दोन कुलपं असतात. एक किल्ली स्टेशनमास्तरकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय खोली उघडत नाही, म्हणूनच गाड्या एकमेकींवर आदळत नाहीत.

त्यांनी माळ्यावरून आपली गार्डाची पेटी काढली. जाड लोखंडाची, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव: व्यंकटराव, गार्ड, पूर्णा. मागच्या बाजूला एक जुनं भोक होतं, त्यातून वायरी ओवल्या. राउटर आत ठेवला, अँटेना मावेनात म्हणून हलक्या हातानं आडव्या केल्या, खाली मऊ फडकं घातलं. झाकण लावलं. दोन कुलपं ठोकली. एक किल्ली जानव्यासारखी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि दुसरी कडूबाईंना दिली.

"मला कामून?" कडूबाई म्हणाल्या.

"कायदा हाय. एका हाती दोन किल्ल्या ठेवायच्या नसतेत."

कडूबाईंनी ती कमरेच्या जुडग्यात घातली आणि भाजी चिरायला गेल्या.

सोमवार उजाडला तो सोमवती अमावास्येचा. कडूबाई शेजारणींबरोबर पहाटेच्या गाडीनं गंगाखेडला गोदावरीच्या स्नानाला गेल्या. तिकडून लेकाला भेटून, एक मुक्काम करूनच त्या परत येणार होत्या. रात्री उशिरा माहेराहून परतलेल्या अर्पितानं आंघोळ, पूजा उरकून लॅपटॉप उघडला, व्हीपीएन लावलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पडद्यावर एक गोल वर्तुळ फिरत राहिलं. तिनं खिडकीकडे पाहिलं. राउटर तिथं नव्हता. कोपऱ्यात काळी पेटी होती आणि पेटीच्या मागून वायरी बाहेर आल्या होत्या.

"मामा," ती फार हळू आवाजात म्हणाली, "राउटर पेटीत हाय का?"

"बंदोबस्तात हाय. तू फिकीर करू नको."

अर्पिता क्षणभर पेटीवरच्या नावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, जरा पेटी उघडता का? मला राउटरला थेट वायर जोडून बघायचीय."

व्यंकटरावांनी गळ्यातली किल्ली काढली, एक कुलूप उघडलं, आणि दुसऱ्यापाशी येऊन त्यांचा हात थांबला. त्यांनी तातडीनं कडूबाईंना फोन लावला. एका अनोळखी बाईनं उचलला.

"कडूबाई हायत का?"

"कडूबाई गंगंत हायत. त्यांची पिशवी माझ्यापाशी ठिवलीय. तुमी कोण?"

"त्यांचा मालक."

"मग थांबा की जरासं, तुमालाबी पुण्य लागंल. बुडी मारायल्यात."

"बाई, त्यांच्याजवळ एक किल्ली हाय, ती..."

"ती कमरंलाच हाय. तीबी न्हायली."

मीटिंगला थोडाच अवकाश होता, आणि मोबाईलच्या नेटवर ऑफिसचं व्हीपीएन लागत नव्हतं. व्यंकटरावांनी हातोडी आणली. कुलपावर पहिला घाव घालताना त्यांचे डोळे मिटले, दुसऱ्याला मिटले नाहीत, तिसऱ्यानंतर त्यांना घाम फुटला. कुलूप रेल्वेचं होतं. ते तुटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. ते तुटलं नाही, आणि आज पहिल्यांदा त्या कुलपाचा त्यांना राग आला. आवाज ऐकून केशरबाई भिंतीवरून डोकावल्या.

"काय झालं भाऊजी? काय फोडायलात?"

"काकू," अर्पिता लॅपटॉप छातीशी धरून उभी राहिली होती, "तुमचं नेट चालायलंय का? माझी मोठी मीटिंग हाय. आज गेली की नोकरी गेली."

"अगं मग बघतीस काय! ये इकडं. पोरीची परीक्षा, आन् मी टीव्ही लावून बसलेय!" केशरबाईंनी टीव्ही बंद केला. त्या घरातला टीव्ही दिवसाढवळ्या बंद झालेला गल्लीनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बुटकी भिंत ओलांडून अर्पिता पलीकडे गेली. स्वयंपाकघरात, शेवयांच्या पाटाशेजारी तिनं लॅपटॉप मांडला. व्यंकटराव मागोमाग गेले आणि परक्या घराच्या दाराला त्यांनी आपली लाल झेंडी अडकवली. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. ते तिथंच अंगणात उभे राहिले, आणि इतकी वर्षं मालगाड्या सुखरूप नेणाऱ्या देवाला म्हणाले, एवढी एक वाघीण पोचव.

बऱ्याच वेळानं अर्पिता बाहेर आली ती हसतच. "झालं मामा! एकदाबी अडकलं न्हाई. मॅडम खूष हायत."

व्यंकटरावांचे डोळे भरून आले, म्हणून त्यांनी झेंडीची घडी घालायला घेतली. "म्हंजे पुण्याला जायचं न्हाई?"

"न्हाई." मग ती केशरबाईंच्या दाराकडे बघत म्हणाली, "पण मॅडम म्हणल्या, आज जिथं बसलीस तिथंच रोज बस. जागा बदलू नको."

अशा रीतीनं सून घरात राहिली, पण शेजारच्या. सकाळी अर्पिता लॅपटॉप घेऊन भिंत ओलांडायची, संध्याकाळी परत यायची. इकडे व्यंकटरावांनी गंभीरपणे निकाल लावला. जुना राउटर केशरबाईंकडे जाऊनही पळतो, नवा घरात असून बसकण मारतो, म्हणजे नवा खोटा. कडूबाई न्हालेली किल्ली घेऊन परतल्या तसं त्यांनी बबलूला उभं केलं.

"तुझ्या सहा अँटेना तीन दिसात दमल्या. जुनाच बरा होता. अदलाबदल कर. जुना इकडं, नवा तिकडं."

बबलूनं एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा व्यंकटरावांकडे. "काका, पेटीचं झाकण..."

"पेटीला नावं ठेवायची न्हाईत. ह्या पेटीनं ऊनपाऊस बघितलाय. तू जन्मला नव्हतास."

"बरं काका," बबलू म्हणाला, आणि त्यानं अदलाबदल केली. त्याला पुढल्या महिन्यातही याच गल्लीत राहायचं होतं.

जुना राउटर घरी परत आला. हरवलेलं जनावर दावणीला आल्यावर व्हावा तसा व्यंकटरावांना आनंद झाला, आणि जी वस्तू एवढी गुणी ठरली ती उघड्यावर ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांनी तिला पेटीत घातलं. दोन कुलपं. एक किल्ली गळ्यात, एक कडूबाईंच्या कमरेला. मग मोबाईलवर कीर्तन लावून पाहिलं. बुवांनी "विठ्" म्हटलं आणि पुढचं अक्षर काही येईना.

तिकडे सहा अँटेनांचा खेकडा केशरबाईंच्या शेवयांच्या पाटाशेजारी तुफान चालला. आता मात्र व्यंकटरावांची मती गुंग झाली. जो केशरबाईंकडे जाईल तो पळतो, जो आपल्याकडे येईल तो बसतो. केशरबाई भिंतीवरून म्हणाल्या, "वास्तूचा गुण असतोय भाऊजी, त्याला कोण काय करणार." कडूबाईंनी पेटीवरून मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली. मोहरी तडतडली, नेट तसंच राहिलं.

हे सगळं सोसता आलं असतं. पण दुपारी ते ओट्यावर बिनसाखरेचा चहा घेऊन बसले आणि भिंतीपलीकडून आल्याच्या चहाचा वास आला. केशरबाई आपल्या दिराच्या म्हशीची गोष्ट सांगत होत्या. म्हैस पेडगावच्या बाजारातून दावं तोडून निघाली होती. केशरबाई दम घ्यायला थांबल्या, आणि अर्पिताचा आवाज आला, "काकू, मग पुढं काय झालं?"

व्यंकटरावांनी कप खाली ठेवला. आपल्याला हेवा वाटतोय, तोही एका म्हशीचा, हे त्यांना कळलं आणि स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून हेवा गेला नाही. ते उठून आत गेले. मन थाऱ्यावर नसलं की ते आपला कंदील पुसत असत. आता कंदील माळ्यावर आणि राउटर पेटीत, म्हणून त्यांनी राउटर पुसायचं ठरवलं. कडूबाईंना बोलावून रीतसर दोन्ही कुलपं उघडली आणि झाकण वर केलं.

खिशातला मोबाईल किणकिणला. पुन्हा किणकिणला. मग थांबेचना. व्यंकटरावांच्या मोबाईलमध्ये नेटचं वेगळं रिचार्ज कधी नसे, जे काय यायचं ते घरच्या राउटरवरून. सगळ्या साडूंचे आणि मेहुण्यांचे अडून राहिलेले सुप्रभात, गुलाबांसहित, एकदम येऊन आदळले. त्यांनी दचकून झाकण टाकलं. किणकिण बंद. त्यांनी कान देऊन वाट पाहिली. मग हळूच झाकण उचललं. मोबाईल पुन्हा वाजला, नांदेडच्या साडूनं पाठवलेला सूर्योदय आला. बंद केलं, गप्प.

"काय खेळ लावलाय?" कडूबाई दारातून म्हणाल्या.

 जन्मभर घंटीच्या इशाऱ्यावर गाड्या सोडलेला माणूस, घंटी काय सांगते ते त्याला समजलं होतं. ते पेटीशेजारी जमिनीवर बसले. समोर झाकणावर त्यांचंच नाव होतं. हातोडीचे घाव, गंगेतली किल्ली, बबलूचं अर्धवट राहिलेलं वाक्य, सगळं एकेक करून समोर आलं. जी पोरगी जाऊ नये म्हणून त्यांनी एवढा बंदोबस्त केला, तिची नोकरी त्या बंदोबस्तानंच घालवत आणली होती.

झाकण गुपचूप उघडं ठेवून गप्प बसणं सोपं होतं. पण मग अर्पिता शेजारीच बसली असती. ती घरी यायला हवी असेल तर चूक सांगावी लागणार, आणि सासऱ्यानं सुनेला चूक सांगायची कशी, याचा कायदा रेल्वेनं केलेला नव्हता. ते ओट्यावर आले आणि त्यांनी हिरवी झेंडी काढून भिंतीवरून हलवली.

अर्पिता भिंत ओलांडून आली. "काय मामा?"

"बस. एक गोष्ट सांगायचीय." व्यंकटराव तिच्याकडे न बघता बोलू लागले. "एक गार्ड होता. त्याच्या ताब्यात एक चांगली गाडी दिली. गाडीला काय होऊ नये म्हणून त्यानं काय केलं, तिला लोखंडाच्या शेडात घातलं. दोन कुलपं लावली. आन् बाहीर येऊन म्हणायलाय, गाडी पळंना कामून!"

ते थांबले. दम लागला नव्हता, पुढचं तोंडातून निघत नव्हतं.

"मामा," अर्पिता नेहमीच्याच सुरात म्हणाली, "मग पुढं काय झालं?"

"पुढं काय? त्यानं दुसरी गाडी आणली. तीबी शेडात घातली. लोकाला दोष दिला. आपल्या घराला दोष दिला. शेडाचं नाव मातर काढू दिलं न्हाई. त्याला वाटलं, हे कुणालाच म्हाईत न्हाई."

"त्याच्या सुनेला म्हाईत होतं, मामा."

व्यंकटरावांनी मान वर केली. "कव्हापासून?"

"सोमवारपासून. म्हणून तर म्हणलं, पेटी उघडा."

"मग बोलली कामून न्हाई ती?"

"शेडावर गार्डाचं नाव होतं ना," अर्पिता म्हणाली. "मीटिंग तर निभली होती. गार्डाला कव्हातरी दिसंलच, असं तिला वाटलं. नसतं दिसलं, तर रविवारी हे सुटीला आले की यांना सांगून काढायला लावणार होती."

व्यंकटरावांनी हिरव्या झेंडीची घडी घातली. मग म्हणाले, "हुशार हाय सून." आणि उठून चहा टाकायला आत गेले. त्या दिवशी त्यांनी सुनेच्या कपात इतकी साखर घातली, की तिला तो चहा पिववेना, तरी तिनं प्यायला.

दुसऱ्या दिवशी अर्पिता मॅडमना विचारून परत घरी बसू लागली. दोन अँटेनांचा जुना राउटर खिडकीत उघड्यावर बसला आणि त्यावरून पुण्याचं व्हीपीएन विनातक्रार पळू लागलं. म्हणजे दोष जुन्यात नव्हता आणि गुण नव्यात नव्हता. केशरबाईंचा संसार लाईनीवरून उतरला, तिथंच सगळं मोकळं झालं होतं. बबलूला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, मी तेच म्हणणार होतो," आणि घाईनं निघून गेला.

पेटी मात्र रिकामी राहिली नाही. अर्पिताच्या मोठ्या मीटिंगच्या वेळी व्यंकटराव घरातले सगळे मोबाईल गोळा करून पेटीत घालू लागले. आत काही पोचत नाही, हे आता सिद्ध झालं होतं. पहिल्याच दिवशी शेवया द्यायला आलेल्या केशरबाईंचाही मोबाईल त्यांनी मागून घेतला. दोन कुलपं, दोन किल्ल्या. मीटिंगभर पेटीतून हूं की चूं झालं नाही.

मीटिंग संपली, लाल झेंडी उतरली. केशरबाई म्हणाल्या, "भाऊजी, माझा मोबाईल द्या. मालिकेची वेळ झाली."

व्यंकटरावांनी गळ्यातली किल्ली काढली, एक कुलूप उघडलं आणि हाक मारली, "अगं, किल्ली आण!"

उत्तर आलं नाही. कडूबाई मघाच पिशवी घेऊन बाजाराला गेल्या होत्या. जुडगं त्यांच्या कमरेला होतं, आणि त्यांना फोन लावावा तर त्यांचाही फोन पेटीतच होता. केशरबाई पेटीकडे बघत उभ्या राहिल्या, मग नाइलाजानं ओट्यावर टेकल्या. अर्पितानं चहा आणला. व्यंकटरावांनी एक घोट घेतला, घसा साफ केला आणि माळावर अडकलेल्या मालगाडीची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. इंजिन बंद पडलं, अंधार पडू लागला, आणि गार्डाला रुळांवरून कोणीतरी चालत येताना दिसलं, इथपर्यंत आल्यावर ते दम घ्यायला थांबले.

अर्पितानं तोंड उघडलंच होतं, पण केशरबाई तिच्या आधी बोलल्या.

"मग पुढं काय झालं, भाऊजी?"